जिरो होरिकोशी : झीरो विमानाचे शिल्पकार

आपल्या निवासी विद्यालयात महाड-पोलादपूरच्या वाड्यावस्त्यांतून आलेली कितीतरी मुले-मुली पुढे आयटीआय, पदविका आणि अभियांत्रिकीच्या वाटेने गेली. यंत्राशी ज्यांचे आयुष्य जोडले गेले, त्यांच्या वाचनात यंत्र घडविणाऱ्या माणसाचे चरित्र मात्र क्वचितच येते. चरित्रे लिहिली जातात ती बहुधा सेनानींची आणि राज्यकर्त्यांची. म्हणून या स्मरणिकेसाठी एका अभियंत्याचे चरित्र निवडले आहे. दुसऱ्या महायुद्धात ज्या जपानी लढाऊ विमानाने सारा पॅसिफिक महासागर हादरवून सोडला, त्या झीरो विमानाचे जनक जिरो होरिकोशी यांचे हे चरित्र. त्यात अभिमान वाटावा असे पुष्कळ आहे आणि अस्वस्थ करणारेही तितकेच आहे.

होरिकोशी यांचा जन्म २२ जून १९०३ रोजी जपानच्या गुन्मा प्रांतातील फुजिओकानजीकच्या खेड्यात झाला. जिरो हे नाव जपानी प्रथेप्रमाणे दुसऱ्या मुलाचे. विमानाच्या झीरो या नावाशी त्याचा काही संबंध नाही. उच्चारातील साम्य हा निव्वळ योगायोग. पहिल्या महायुद्धातील विमानांची वर्णने वाचून या खेड्यातील मुलाच्या मनात आकाशाचे वेड शिरले. पुढे टोकियोच्या शाही विद्यापीठातील विमानविद्येच्या शाखेत त्यांनी प्रवेश मिळविला. १९२७ मध्ये पदवी घेऊन ते नागोया येथील मित्सुबिशी कंपनीच्या विमान कारखान्यात रुजू झाले. कंपनीने त्यांना युरोप-अमेरिकेतील कारखाने पाहण्यासाठी पाठविले. त्या वेळी जपान विमानविद्येत पाश्चात्त्यांचा विद्यार्थी होता आणि परदेशी आराखड्यांवरच त्याची भिस्त होती.

वयाच्या तिशीच्या आतच नौदलाच्या एका नव्या लढाऊ विमानाचे प्रमुख आराखडाकार म्हणून त्यांची नेमणूक झाली. तो प्रयत्न फसला. बनविलेली दोन्ही विमाने अपघातात नष्ट झाली. होरिकोशी खचले नाहीत. प्रत्येक दोषाचे कारण त्यांनी कागदावर मांडले. फेब्रुवारी १९३५ मध्ये त्यांचे पुढचे विमान उडाले, तेव्हा नौदलाने ताशी ३५० किलोमीटर वेग मागितला असताना त्याने ४५० किलोमीटरचा वेग गाठला. हेच पुढे ९६ क्रमांकाचे नौदल लढाऊ विमान म्हणून सेवेत आले. विमानवाहू जहाजावरील हे जपानचे पहिले एकपंखी लढाऊ विमान होय.

१९३७ मध्ये नौदलाने नव्या विमानाच्या अटी कळविल्या. वेग ताशी ५०० किलोमीटर हवा, इंधनाची जादा टाकी लावून सहा ते आठ तास हवेत राहता यावे, पंखांत २० मिलिमीटरच्या दोन तोफा हव्यात आणि तरीही विमान चपळ असावे. या मागण्या परस्परांना छेद देणाऱ्या होत्या. नाकाजिमा या प्रतिस्पर्धी कंपनीने हे अशक्य मानून माघार घेतली. होरिकोशी यांच्यापुढे तर आणखी एक अडचण होती. जपानजवळ फार शक्तिशाली इंजिन नव्हते. हजार अश्वशक्तीच्याही आतल्या इंजिनावर हे सारे साधायचे, तर वजन घटविण्याखेरीज गत्यंतर नव्हते.

मग सुरू झाला वजनाचा हिशेब. सुमितोमो कंपनीने नुकत्याच शोधलेल्या ॲल्युमिनियमच्या कणखर मिश्रधातूची तुळई पंखात बसविण्यात आली. पंख आणि धडाचा मधला भाग एकसंध बांधून जोडाचे वजन वाचविण्यात आले. आतील सांगाड्याला जेथे शक्य तेथे भोके पाडण्यात आली. वेग वाढला की विमानाचे सुकाणू फार तिखट होई. त्यावर त्यांनी नियंत्रणाच्या तारा मुद्दाम किंचित लवचीक ठेवण्याची युक्ती योजली, म्हणजे कमी वेगात आणि अधिक वेगात वैमानिकाच्या हाताला सारखाच प्रतिसाद मिळे.

नागोयाच्या कारखान्याशेजारी धावपट्टी नव्हती. कागामिगाहारा येथील विमानतळ सुमारे ४८ किलोमीटर दूर, आणि वाटेतील रस्ते खराब. तेव्हा जगातील हे अत्याधुनिक विमान सुटे करून बैलगाड्यांवर लादले गेले, आणि बैलांच्या पावलांनी, दिवस-रात्र प्रवास करून उड्डाणस्थळी पोहोचले. युद्ध ऐन भरात आले तरी ही वाहतूक जनावरांच्याच बळावर चालत राहिली. आकाश जिंकू पाहणाऱ्या राज्यकर्त्यांनी जमिनीवरचा रस्ता बांधला नव्हता, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे.

१ एप्रिल १९३९ रोजी पहिले उड्डाण यशस्वी झाले. नाकाजिमाचे साकाए इंजिन बसविल्यावर विमान अधिकच खुलले. १९४० हे जपानी शाही कालगणनेचे २६०० वे वर्ष. त्याच्या अखेरच्या शून्यावरून या विमानास शून्य क्रमांकाचे, म्हणजेच झीरो, हे नाव पडले. १३ सप्टेंबर १९४० रोजी चीनमधील चुंगकिंगच्या आकाशात १३ झीरो विमानांनी आपले एकही विमान न गमावता चिनी विमानदळाचा धुव्वा उडविला. हे यश स्वतःच्या भूमीचे रक्षण करणाऱ्या चीनविरुद्धच्या आक्रमणातील होते, हे विसरता येत नाही.

झीरोची पुढे अनेक रूपे झाली. २१ क्रमांकाच्या नमुन्यात जहाजावरील उद्वाहनात मावण्यासाठी पंखांची टोके अर्धा-अर्धा मीटर दुमडता येत. ३२ क्रमांकात ती टोके छाटली गेली आणि विमानाचा पल्ला घटला. म्हणून २२ क्रमांकात पंख पुन्हा लांब केले. ५२ क्रमांकाचा वेग ताशी ५६५ किलोमीटरपर्यंत गेला. पाण्यावर उतरणारे तरंगते रूप नाकाजिमाने तयार केले; प्रशिक्षणासाठी दोन आसनांचेही निघाले. सर्व मिळून दहा हजारांहून अधिक विमाने बनली आणि त्यांतील निम्म्याहून अधिक नाकाजिमाच्याच कारखान्यांत.

डिसेंबर १९४१ मध्ये पर्ल हार्बरवर आणि ५ एप्रिल १९४२ रोजी कोलंबोवर ही विमाने आली. दुसऱ्याच दिवशी जपानी विमानवाहू जहाजावरील विमानांनी विशाखापट्टणम व काकीनाडा येथे बाँब टाकले. युद्ध भारताच्या उंबरठ्याशी आले होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या प्रयत्नांमुळे ऑक्टोबर १९४१ मध्ये बेळगाव येथे महार रेजिमेंटची उभारणी सुरू झाली होती. जुलै १९४२ पासून बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. त्याच वर्षी त्यांनी सरकारला दिलेल्या निवेदनात अस्पृश्य विद्यार्थ्यांना विज्ञान व तंत्रविद्येच्या उच्च शिक्षणासाठी शिष्यवृत्त्या मागितल्या. यंत्रयुगात ज्याच्या हाती तंत्रविद्या नाही त्याला सत्तेत वाटा नाही, ही जाण त्या मागणीमागे होती.

परंतु विद्या कोणासाठी राबते, हा प्रश्न उरतोच. होरिकोशी यांनी वजन वाचविले, त्यात वैमानिकामागचा चिलखती पत्रा नव्हता आणि गोळी लागताच आपोआप बुजणारी इंधनटाकीही नव्हती. या अटी नौदलाने घातल्याच नव्हत्या. चढाई करणाऱ्याला संरक्षणाची गरज काय, असा त्यामागचा विचार. चाचण्यांतच दोन वैमानिकांचे प्राण गेले. दुसऱ्या अपघातानंतर पंखांचे पत्रे अधिक मजबूत करण्यात आले. युद्धात मात्र थोड्याशा गोळ्यांनी झीरो पेट घेई. जून १९४२ मध्ये मिडवेच्या लढाईत जपानने चार विमानवाहू जहाजे गमावली. अल्यूशियन बेटांवर उतरताना उलटलेले एक झीरो अमेरिकनांना जवळजवळ अखंड सापडले आणि त्यांनी ते उडवून त्याचे गुणदोष पारखले. पुढे दोन हजार अश्वशक्तीची, चिलखती अमेरिकन विमाने आली, तेव्हा झीरो मागे पडले. त्याची जागा घेणारे रेप्पू विमान होरिकोशी वेळेत पुरे करू शकले नाहीत.

ऑक्टोबर १९४४ पासून तर बाँब बांधलेली झीरो विमाने तरुण वैमानिकांसह शत्रूच्या जहाजांवर आदळविण्यात येऊ लागली. ज्या विमानाचे हलकेपण परत येण्यासाठी, दूरचा पल्ला गाठण्यासाठी योजले होते, ते न परतण्याच्या कामी लागले. आपले विमान अशा रीतीने का वापरले जावे, या प्रश्नाने होरिकोशी व्यथित झाले.

नागोयाच्या कारखान्यातील आणखी एक गोष्ट आपल्या पालकांनी व विद्यार्थ्यांनी अवश्य जाणावी. १९४४ मध्ये कोरियातून सुमारे ३०० मुली तेथे कामाला आणल्या गेल्या. त्या बहुतेक तेरा ते पंधरा वर्षांच्या. शाळेत शिकता येईल, असे आश्वासन त्यांना दिले होते. शाळा मिळाली नाही, विमानांचे भाग घासण्या-रंगविण्याचे काम मिळाले. ७ डिसेंबर १९४४ च्या भूकंपात त्यांतील सहा जणी कारखान्यात दगावल्या. वाचलेल्या मुलींनी म्हातारपणी न्यायालयांत लढा दिला. शिक्षणाची भूक दाखवून मुलांना राबविणे हा अन्याय कोणत्याही देशात अन्यायच असतो.

त्याच महिन्यात अमेरिकन बाँबफेकी विमानांनी नागोयाचे कारखाने उद्ध्वस्त केले. अतिश्रमाने खंगलेले होरिकोशी फुप्फुसावरणाच्या दाहाने अंथरुणास खिळले. अमेरिकेचे औद्योगिक बळ ते जाणून होते. हे युद्ध मुळात सुरूच व्हायला नको होते आणि राज्यकर्त्यांनी ते टाळायला हवे होते, असे त्यांनी लिहून ठेवले आहे. मात्र ते काम सोडून गेले नाहीत, हेही तितकेच खरे.

युद्धानंतर जपानला विमान बनविण्यास बंदी होती. ती उठल्यावर १९६२ मध्ये उडालेल्या वायएस-११ या प्रवासी विमानाच्या आखणीत त्यांनी भाग घेतला. सुकाणूच्या प्रतिसादाविषयीच्या त्यांच्या प्रबंधास टोकियो विद्यापीठाने डॉक्टरेट दिली. नंतर ते अध्यापनात रमले. ११ जानेवारी १९८२ रोजी त्यांचे निधन झाले.

होरिकोशी यांच्या बुद्धीला, चिकाटीला आणि अपयशातून शिकण्याच्या वृत्तीला वंदनच करावे लागेल. खेड्यातील मुलगा अभ्यासाच्या बळावर जगाला चकित करू शकतो, हे त्यांनी दाखविले. परंतु बाबासाहेबांनी प्रज्ञेबरोबर शील आणि करुणा यांचा आग्रह का धरला, याचे उत्तरही याच चरित्रात आहे. आपले विद्यार्थी उद्या कारखान्यात वा प्रयोगशाळेत आराखड्यापुढे बसतील, तेव्हा वेग, वजन आणि खर्च यांचा हिशेब त्यांनी चोख करावा. त्याच कागदावर, हे यंत्र चालविणाऱ्याचे आणि ते घडविणाऱ्या हातांचे रक्षण कसे होईल, हाही हिशेब मांडावा.