हवा मोजणाऱ्या शास्त्रज्ञ : अन्ना मणी

चंद्रपूर जिल्ह्यात गोंडपिपरी नावाचे तालुक्याचे गाव आहे. आजूबाजूला जंगल आहे. शेतांत भात आणि कापूस पिकतो. उन्हाळ्यात या जिल्ह्यात पारा ४५ अंश सेल्सिअसच्या वर चढतो आणि पावसाळ्यात नदीनाले भरून वाहतात. अशा भागात लहानथोर सर्वांची नजर आभाळाकडे लागलेली असते. पण नुसत्या नजरेने काम भागत नाही. हवामान मोजावे लागते.

का मोजावे लागते, ते पाहा. आपल्या राज्यात एखाद्या महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस पडला, तर ती अतिवृष्टी मानली जाते. पिकांच्या नुकसानीबद्दल शेतकऱ्यांना मदत देताना हा आकडा पाहिला जातो. आता समजा, पाऊस खरोखर ६८ मिलिमीटर पडला. पण पर्जन्यमापकाने ६२ दाखवला. शेत तर पाण्याखाली गेले. पण कागदावर अतिवृष्टी झालीच नाही! एका लहानशा उपकरणाच्या चुकीने केवढा अन्याय होऊ शकतो, हे यावरून तुमच्या लक्षात येईल.

आपल्या देशात हवामानाची उपकरणे तयार व्हावीत आणि त्यांनी खरे तेच सांगावे, यासाठी एका बाईंनी आपले सारे आयुष्य वेचले. त्यांचे नाव अन्ना मणी. महाराष्ट्रात 'अण्णा' म्हटले, की वडीलधारा पुरुष डोळ्यांसमोर येतो. केरळातील ख्रिस्ती कुटुंबांत मात्र 'अन्ना' हे मुलीचे नाव असते. या केरळच्या कन्येची मोठी कर्मभूमी आपले पुणे शहर होते.

अन्ना यांचा जन्म २३ ऑगस्ट १९१८ रोजी त्रावणकोर संस्थानातील पीरमेड या डोंगराळ गावी झाला. त्यांचे वडील स्थापत्य अभियंता होते. त्यांचे वेलदोड्याचे मोठे मळे होते. घरात आठ भावंडे, अन्ना सातवी. घर सुखवस्तू होते. परंतु त्या काळच्या रीतीप्रमाणे मुलांनी शिकून मोठ्या हुद्द्यावर जायचे आणि मुलींनी लग्न करून सासरी जायचे, असेच सारे धरून चालत.

छोट्या अन्नाला मात्र पुस्तकांचे वेड होते. वयाच्या आठव्या वर्षापर्यंत तिने गावातील वाचनालयातली जवळजवळ सर्व मल्याळम पुस्तके वाचून संपवली होती. त्या घरात मुलीच्या आठव्या वाढदिवसाला हिऱ्याच्या कुड्या देण्याची पद्धत होती. तिलाही त्या देऊ केल्या. ती कुड्यांना नको म्हणाली. तिने त्यांच्याऐवजी एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिका हा मोठा ज्ञानकोश मागितला आणि तो मिळवला. तुम्ही तिच्या जागी असता, तर काय मागितले असते?

इ. स. १९२५ मध्ये महात्मा गांधी वायकोम येथे आले. तेथे मंदिराजवळच्या रस्त्यांवरून दलितांना चालू द्यावे, यासाठी सत्याग्रह सुरू होता. त्या चळवळीचा अन्नाच्या कोवळ्या मनावर खोल ठसा उमटला. पुढे त्यांनी खादी वापरण्यास सुरुवात केली आणि ती अखेरपर्यंत सोडली नाही. आपल्या देशाला लागणारी वस्तू आपल्या देशात तयार झाली पाहिजे, हा विचार त्यांच्या मनात तेव्हापासून रुजला असावा.

शाळेनंतर अन्ना मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात दाखल झाल्या. १९३९ मध्ये त्यांनी भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र या विषयांत बी. एस्‌सी. ऑनर्सची पदवी मिळवली. १९४० मध्ये शिष्यवृत्ती मिळाली आणि त्या बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत गेल्या. तेथे नोबेल पारितोषिक मिळवणारे थोर शास्त्रज्ञ सर सी. व्ही. रामन यांच्या प्रयोगशाळेत त्यांना प्रवेश मिळाला. गंमत पाहा! लहानपणी ज्या मुलीने हिऱ्याच्या कुड्या नाकारल्या, तिच्या हातात आता हिरेच आले. हे हिरे मिरवण्यासाठी नव्हते. हिऱ्यावर प्रकाश पडला, की तो कोणता प्रकाश शोषून घेतो आणि कोणता बाहेर टाकतो, याचा त्या अभ्यास करीत. त्यांनी तीसहून अधिक हिरे तपासले. एकेक छायाचित्र घेण्यासाठी काच पंधरा ते वीस तास प्रकाशासमोर ठेवावी लागे. त्यामुळे अन्ना कित्येकदा रात्रभर प्रयोगशाळेतच काम करीत.

पाच शोधनिबंध प्रसिद्ध झाले. १९४५ मध्ये त्यांनी आपला प्रबंध मद्रास विद्यापीठाला सादर केला. परंतु एम. एस्‌सी.ची पदवी नाही, या कारणाने विद्यापीठाने त्यांना डॉक्टरेट दिली नाही. एवढ्या वर्षांची मेहनत, आणि हाती पदवी नाही! दुसरे कोणी असते, तर खचून गेले असते. अन्ना यांनी मात्र त्याचे दुःख उगाळत बसण्यात वेळ घालवला नाही. नावापुढे डॉक्टर लागले नाही, तरी काम करता येते, हे त्यांनी पुढच्या आयुष्यात दाखवून दिले.

त्याच वर्षी सरकारी शिष्यवृत्ती घेऊन त्या इंग्लंडला गेल्या. त्यांना भौतिकशास्त्र शिकायचे होते. पण त्या वेळी जी जागा उपलब्ध होती, ती हवामानाच्या उपकरणांचे शिक्षण घेण्याची होती. अन्ना यांनी ती स्वीकारली. उपकरणे कशी बनवतात, कशी तपासतात, कशी दुरुस्त करतात, याचा त्यांनी बारकाईने अभ्यास केला. मनासारखी वाट मिळाली नाही, तरी मिळालेल्या वाटेवर त्या मन लावून चालल्या.

१९४८ मध्ये अन्ना मायदेशी परतल्या. देश नुकताच स्वतंत्र झाला होता. त्या भारतीय हवामान खात्यात दाखल झाल्या. हे खाते १८७५ मध्ये स्थापन झाले. १९२८ मध्ये त्याचे मुख्य कार्यालय सिमल्याहून पुण्याला आले. म्हणूनच पुण्यातील त्या इमारतीला लोक 'सिमला ऑफिस' म्हणू लागले. पुढे मुख्य कार्यालय दिल्लीला गेले. पण उपकरणांचा विभाग पुण्यातच होता. तेथेच अन्ना यांनी कामास सुरुवात केली.

त्या वेळी आपल्या देशाची स्थिती कशी होती? तापमापी आणि वायुभारमापक यांसारखी साधी उपकरणेसुद्धा इंग्लंडहून मागवावी लागत. एखादे मोडले, की नवे येईपर्यंत वाट पाहायची. अन्ना यांचे वरिष्ठ श्री. वेंकटेश्वरन यांनी ठरवले होते, की ही उपकरणे आपणच बनवायची. हे काम त्यांनी अन्ना यांच्याकडे सोपवले.

काम सोपे नव्हते. एक उपकरण बनवणे वेगळे आणि देशभर बसवण्यासाठी शेकडो एकसारखी उपकरणे बनवणे वेगळे. पुण्याचा तापमापी ४० अंश दाखवतो आणि नागपूरचाही ४० दाखवतो, तेव्हा दोन्ही ठिकाणी उष्णता खरोखर सारखी असली पाहिजे. नाहीतर त्या आकड्यांची तुलना कशी करणार? यासाठी अन्ना यांनी सुमारे १०० उपकरणांचे प्रमाणित आराखडे तयार केले. प्रत्येक भागाचे माप ठरवले. मग त्या आराखड्यांप्रमाणे कार्यशाळेत उपकरणे तयार होऊ लागली. तयार झालेले उपकरण खात्रीच्या उपकरणाशेजारी ठेवून दोघांचे आकडे ताडून पाहायचे आणि फरक असेल तर तो काढून टाकायचा, हा या कामाचा नियमच असतो. चुकीचे मोजण्यापेक्षा न मोजलेले बरे, अशी अन्ना यांची ठाम समजूत होती. कारण आकडा नसेल, तर माणूस सावध असतो. चुकीचा आकडा हाती आला, की तो त्यावर विश्वास ठेवतो आणि फसतो.

१९५३ मध्ये अन्ना या विभागाच्या प्रमुख झाल्या. त्यांच्या हाताखाली १२१ पुरुष काम करीत होते. त्या काळी एका स्त्रीने यंत्रशाळेचा कारभार पाहावा, ही नवलाची गोष्ट होती.

अन्ना यांचे लक्ष पुढे सूर्याकडे गेले. आपल्या देशात ऊन भरपूर. पण कोठे किती, हे कोणी नीट मोजले नव्हते. १९५७-५८ हे आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्ष म्हणून जगभर पाळले गेले. त्या वेळी अन्ना यांनी सूर्याची उष्णता आणि प्रकाश मोजणाऱ्या केंद्रांचे जाळे भारतात उभारले. परदेशी उपकरणे फार महाग होती. म्हणून तीही त्यांनी येथेच बनवून घेतली. आकाशातील ओझोन वायू मोजण्यासाठी फुग्याबरोबर वर सोडायचे उपकरणही त्यांच्या देखरेखीखाली तयार झाले. १९६३ मध्ये विक्रम साराभाई यांच्या विनंतीवरून त्यांनी थुंबा येथील अग्निबाण केंद्रावर हवामानाची वेधशाळा आणि उपकरणांचा मनोरा उभारला.

१९७६ मध्ये हवामान खात्याच्या उपमहासंचालक या पदावरून अन्ना निवृत्त झाल्या. पण त्यांना विश्रांती माहीत नव्हती. भारतात कोठे किती सूर्यप्रकाश पडतो, हे सांगणारे त्यांचे दोन ग्रंथ १९८० आणि १९८१ मध्ये प्रसिद्ध झाले. सौरऊर्जेचे काम करणाऱ्यांना ते फार उपयोगी पडले. वाऱ्यापासून वीज कोठे करता येईल, हे शोधण्यासाठी त्यांनी देशातील ७०० हून अधिक ठिकाणच्या वाऱ्याचा वेग मोजण्याचे काम हाती घेतले. बंगलोर येथे वारा आणि ऊन मोजणारी उपकरणे बनवण्याचा एक छोटा कारखानाही त्यांनी काढला. १६ ऑगस्ट २००१ रोजी तिरुवनंतपुरम येथे त्यांचे निधन झाले. त्यांनी लग्न केले नाही. आपले सारे आयुष्य त्यांनी विज्ञानाला वाहिले.

मित्रांनो, अन्ना यांच्या काळात हवामानाची उपकरणे वेधशाळेत असत. आज एक छोटेसे हवामान केंद्र बाजारातून आणून कोणीही घराच्या गच्चीवर किंवा अंगणात बसवू शकतो. त्यातील तीन वाट्या वाऱ्याने गरगर फिरतात आणि वाऱ्याचा वेग कळतो. पर्जन्यमापकातील लहानशी डोलणारी वाटी पावसाच्या पाण्याने भरली, की कलंडते. ती किती वेळा कलंडली, यावरून पाऊस मोजला जातो. हे सर्व आकडे बिनतारी लहरींनी घरात येतात आणि मोबाइलवर दिसतात. एवढेच नव्हे, तर घरातील यंत्रेही या केंद्राला जोडता येतात. उष्णता ठरावीक अंशापलीकडे गेली, की कूलर आपोआप सुरू होतो. पाऊस सुरू झाला, की बागेला पाणी देणारा पंप आपोआप बंद होतो. माणसाने उठायलाही नको!

पण थांबा. अन्ना यांची शिकवण येथे आठवा. समजा, एखाद्याने तापमापी तापलेल्या पत्र्यावर उन्हात ठेवला. तो हवेची उष्णता सांगणार नाही, पत्र्याची सांगेल. आणि संध्याकाळी हवा गार झाली, तरी कूलर चालूच राहील. पर्जन्यमापकात झाडाचे पान अडकले, तर भर पावसात पंप शेताला पाणी देत बसेल. पूर्वी माणूस आकडा वाचून विचार करीत असे. यंत्र विचार करीत नाही. त्याला मिळालेला आकडा खरा मानूनच ते चालते. म्हणून यंत्रे जितकी हुशार, तितके मोजमाप अधिक अचूक हवे.

यासाठी काही नियम ध्यानात ठेवा. तापमापी सावलीत, वारा खेळत्या जागी, जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंचीवर असावा. वेधशाळेत तो फटी असलेल्या पांढऱ्या लाकडी पेटीत ठेवतात, ते याचसाठी. पर्जन्यमापक मोकळ्या जागी ठेवावा. जवळचे झाड किंवा भिंत जितकी उंच असेल, त्याच्या दुपटीहून अधिक अंतर मध्ये असावे. आणि आपले आकडे अधूनमधून सरकारी केंद्राच्या आकड्यांशी ताडून पाहावेत. राज्यातील महसूल मंडळांत आता स्वयंचलित हवामान केंद्रे बसवलेली आहेत.

तुमच्याकडे असे महागडे केंद्र नसेल, तरी हरकत नाही. सपाट बुडाचा आणि सरळ बाजूंचा एक डबा घ्या. तो मोकळ्या जागी पक्का ठेवा. रोज सकाळी साडेआठ वाजता त्यात किती मिलिमीटर पाणी साचले, ते पट्टीने मोजा आणि वहीत तारीख घालून लिहा. हवामान खातेही पावसाची नोंद याच वेळी घेते. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दर चौरस मीटर जमिनीवर एक लिटर पाणी. ज्या दिवशी पाऊस पडला नाही, त्या दिवशी शून्य लिहा. ज्या दिवशी मोजायचे राहून गेले, त्या दिवसाची जागा कोरी सोडा. अंदाजाने आकडा भरू नका. पावसाळा संपेल, तेव्हा तुमच्या गावच्या पावसाचा खरा हिशेब तुमच्या वहीत असेल, आणि गरज पडेल तेव्हा तो तुम्हाला कोणापुढेही मांडता येईल.