कबुली की खटला? टिळकांचा कोर्टातला हिशेब

बेळगाव : केस पडली की पहिला प्रश्न एकच. कबूल करून मोकळं व्हायचं की तारखांना उभं राहायचं? सीमाभागात आंदोलनाच्या केसेस अंगावर घेतलेल्यांना तो नवा नाही. लोकमान्य टिळकांपुढे हा प्रश्न चार वेळा आला. त्यातला एक खटला आपल्या शेजारच्या कोल्हापूरचा, तर एक थेट बेळगावचा.

रत्नागिरीत १८५६ साली जन्मलेले टिळक स्वतः एलएल.बी. होते. १८८१ मध्ये ‘केसरी’ सुरू झाला आणि लगेच कोल्हापूरचे दिवाण बर्वे यांनी बदनामीचा खटला भरला. छत्रपतींच्या छळाबद्दल ज्या पत्रांच्या आधारे लिहिलं होतं, ती खोटी निघाली. टिळक-आगरकरांनी माफी मागितली. तरीही १८८२ मध्ये चार महिन्यांची शिक्षा झाली. डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. म्हणजे माफी मागितली की सुटका होतेच, असं नाही.

१८९७ चा राजद्रोहाचा खटला वेगळा होता. माफी मागून प्रकरण मिटवावं, असं काही हितचिंतकांना वाटत होतं. पण इथे पुरावा खोटा नव्हता, लिहिलेलं मनापासून होतं. टिळकांनी नकार दिला. ज्युरी सहा विरुद्ध तीन अशी फुटली आणि दीड वर्षाची सक्तमजुरी झाली. १९०८ मध्ये त्यांनी स्वतःच बाजू मांडली. ज्युरीचा कौल सात विरुद्ध दोन, शिक्षा सहा वर्षांची. ती मंडालेत भोगून १९१४ मध्ये ते परतले.

मग आलं १९१६. एप्रिलमध्ये बेळगावात होमरूल लीग स्थापन झाली. इथलं एक आणि अहमदनगरची दोन अशी तीन मराठी भाषणं सरकारला खुपली. पुण्याच्या मॅजिस्ट्रेटने वर्षभराच्या चांगल्या वर्तणुकीसाठी २० हजारांचा जातमुचलका आणि प्रत्येकी १० हजारांचे दोन जामीन मागितले. वयाची साठी, मागे दोनदा राजद्रोहाची शिक्षा. आदेश मान्य करून वर्षभर गप्प बसणं सोपं होतं. पण टिळक हायकोर्टात गेले. बॅ. जिनांनी बाजू मांडली. नोव्हेंबरमध्ये आदेश रद्द झाला आणि बेळगावचं भाषण निर्दोष ठरलं.

टिळक १ ऑगस्ट १९२० रोजी गेले. त्यांचा हिशेब साधा होता. चूक असेल तर कबूल करा, नसेल तर लढा. मात्र दोन्हींची किंमत मोजायची तयारी ठेवा. दंड भरून मोकळं होण्याआधी आपण नेमकं काय कबूल करतोय, एवढं तरी वकिलाला विचारावं.