चार्ल्स ब्लेअर मॅकडोनाल्ड

चार्ल्स ब्लेअर मॅकडोनाल्ड (जन्म : १४ नोव्हेंबर १८५५, नायगारा फॉल्स, ऑन्टारियो, कॅनडा, मृत्यू : २१ एप्रिल १९३९, साउथॅम्प्टन, न्यू यॉर्क, अमेरिका) हे गोल्फपटू आणि गोल्फ मैदानांचे रचनाकार होते. अमेरिकेतील मैदान-रचनेचे ते जनक मानले जातात. अमेरिकेतील १८ होलांचे पहिले मैदान त्यांनी उभारले, तेथील पहिली अधिकृत हौशी अजिंक्यपद स्पर्धा जिंकली आणि ब्रिटनमधील जुन्या मैदानांची तत्त्वे घेऊन नवी मैदाने रचण्याची पद्धत रूढ केली. त्यांनी रचलेले लिडो हे मैदान पुढे नष्ट झाले. त्यांच्या मृत्यूनंतर आठ दशकांनी ते एका व्हिडिओ गेमच्या आधारे पुन्हा उभे राहिले.

बालपण आणि सेंट अँड्र्यूज

मॅकडोनाल्ड यांचे वडील स्कॉटिश होते. त्यांचे बालपण शिकागोत गेले. १८७२ साली शिक्षणासाठी त्यांना स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज येथे आजोबांकडे पाठविण्यात आले. गोल्फ हा म्हाताऱ्यांचा निरर्थक खेळ आहे असे त्यांचे आरंभीचे मत होते. आजोबांनी मात्र आल्या आल्याच त्यांना टॉम मॉरिस (थोरले) यांच्या दुकानात नेऊन काठ्या घेऊन दिल्या. मॉरिस हे त्या काळातील नामांकित खेळाडू व मैदानाचे रखवालदार होते. अल्पवयीन मुलांना क्लबच्या इमारतीत प्रवेश नसल्याने काठ्या ठेवण्याची सोयही याच दुकानात करण्यात आली. थोड्याच दिवसांत पूर्वीचे मत पार बदलले आणि शिक्षणापेक्षा खेळच अधिक झाला.

१८७४ साली ते शिकागोला परतले व रोखे बाजारात दलालीचा व्यवसाय करू लागले. अमेरिकेत तेव्हा गोल्फ जवळजवळ नव्हताच. पुढील सतरा-अठरा वर्षे त्यांना क्वचितच खेळावयास मिळाले.

शिकागो गोल्फ क्लब

१८९२ साली त्यांनी शिकागोजवळ डाउनर्स ग्रोव्ह येथे ९ होलांचे मैदान आखले. पुढील वर्षी ते १८ होलांचे झाले. (गोल्फमध्ये आरंभस्थानापासून ध्वज रोवलेल्या खळीपर्यंतच्या संपूर्ण मार्गाला होल म्हणतात.) १८९५ साली क्लब व्हीटन येथील नव्या जागेवर गेला. मॅकडोनाल्ड यांचा फटका सवयीने उजवीकडे वळत असे. म्हणून त्यांनी या मैदानाचे होल घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने कडेकडेने आखले, असे सांगितले जाते. त्यांचा चुकलेला चेंडू मैदानातच राही, तर डावीकडे चुकणाऱ्यांचा शेजारच्या मक्याच्या शेतात जाई.

अजिंक्यपदाचा वाद

सप्टेंबर १८९४ मध्ये न्यूपोर्ट येथे झालेल्या स्पर्धेत डब्ल्यू. जी. लॉरेन्स यांनी १८८, तर मॅकडोनाल्ड यांनी १८९ फटके घेतले. दगडी भिंतीपाशी गेलेल्या चेंडूमुळे आपल्याला झालेला दोन फटक्यांचा दंड अन्यायकारक होता, अशी तक्रार करून त्यांनी निकाल अमान्य केला. ऑक्टोबरमध्ये न्यू यॉर्कजवळ दुसरी स्पर्धा झाली. तीत लॉरेन्स स्टॉडर्ड यांच्याकडून हरल्यावर, एका क्लबला राष्ट्रीय अजिंक्यपद देण्याचा अधिकारच नाही, असा मुद्दा त्यांनी काढला. त्यामागे पराभवाची चीड होती हे उघड आहे, परंतु मुद्दा खोटा नव्हता. २२ डिसेंबर १८९४ रोजी पाच क्लबांनी एकत्र येऊन जी संघटना स्थापन केली, तीच आजची युनायटेड स्टेट्स गोल्फ असोसिएशन होय. तिने १८९५ साली भरविलेल्या पहिल्या हौशी अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यात मॅकडोनाल्ड यांनी चार्ल्स सँड्स यांचा ११ होल शिल्लक असताना १२ होलांच्या आघाडीने पराभव केला.

नॅशनल गोल्फ लिंक्स

१९०० साली ते न्यू यॉर्कला स्थायिक झाले. ब्रिटनमधील सर्वोत्तम होल कोणते याविषयी १९०१ साली एका इंग्रजी नियतकालिकात चर्चा झाली. अशा सर्व उत्तम होलांचे सार असलेले एकच मैदान अमेरिकेत का असू नये, ही कल्पना त्यांना तिच्यावरून सुचली. त्यासाठी त्यांनी ब्रिटनचे अनेक दौरे करून होलांची मोजमापे व रेखाटने जमविली. प्रत्येकी १,००० डॉलर देणारे सुमारे ७० संस्थापक सभासद मिळाल्यावर लाँग आयलंडवर साउथॅम्प्टनजवळ वाळूची, झुडपांनी भरलेली जमीन घेण्यात आली. शेतीच्या दृष्टीने ती टाकाऊच होती. तापीकाठची काळी जमीन केळी-कापसाला जितकी मानवते तितकीच ती या खेळाला गैरसोयीची, कारण ती पाणी धरून ठेवते. गोल्फला पाणी झटकन मुरणारी वाळूच लागते.

जमिनीच्या मोजणीसाठी नेमलेले सेथ रेनर हे स्थापत्य अभियंते होते व गोल्फ खेळत नसत. मॅकडोनाल्ड यांच्या कल्पना जमिनीवर उतरविण्याचे काम पुढे अखेरपर्यंत त्यांनीच केले. मैदानाचे औपचारिक उद्घाटन १९११ साली झाले. फेरफार मात्र मॅकडोनाल्ड हयात असेपर्यंत चालूच राहिले.

यातील रेडान हा होल नॉर्थ बेरिक येथील होलावर बेतलेला आहे. खळीभोवतीची हिरवळ तिरकस असून ती मागच्या बाजूस उतरत जाते व तिच्या डाव्या अंगाला खोल वाळूचा खड्डा आहे. चेंडू थेट ध्वजावर मारणाऱ्याची येथे फजिती होते. उजवीकडे टाकून तो उतारावरून घरंगळू देणाऱ्याचा निभाव लागतो. आल्प्स, ईडन, रोड व सहारा हे होलही अशाच जुन्या नमुन्यांवर आधारलेले आहेत. मॅकडोनाल्ड यांनी नक्कल केली, हा आक्षेप त्यांच्यावर पूर्वीपासून घेतला जातो. कवी शार्दूलविक्रीडिताचा गणक्रम परंपरेकडून घेतो, परंतु श्लोक त्याचा स्वतःचा असतो. मॅकडोनाल्ड यांनीही होलामागील कोडे तेवढे उचलले व ते नव्या जमिनीच्या चढउतारांत बसविले. शिवाय केप हा होल त्यांची स्वतःची निर्मिती होती. मैदाने रचण्याचे मानधन ते घेत नसत.

लिडो

लाँग आयलंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील लिडोची जागा दलदलीची होती. मॅकडोनाल्ड सुरुवातीस तिला राजी नव्हते. परंतु जेथे काहीच नाही तेथे हवा तो उंचवटा स्वतः घडविता येईल, या विचाराने ते तयार झाले. १९१४ पासून खाडीतील सुमारे २० लाख घनयार्ड वाळू उपसून जमीन तयार करण्यात आली व १९१७ साली मैदान खुले झाले. याच मैदानासाठी एका इंग्रजी साप्ताहिकाने होल रचण्याची स्पर्धा घेतली होती. ती अ‍ॅलिस्टर मॅकेंझी या डॉक्टराने जिंकली आणि त्यांच्या आराखड्यावरून अठरावा होल बांधला गेला. पुढे ऑगस्टा नॅशनल या मैदानाचे रचनाकार म्हणून प्रसिद्ध झाले ते हेच मॅकेंझी.

अखेरचा काळ

रेनर यांचे १९२६ साली निधन झाले. १९२८ साली मॅकडोनाल्ड यांचे स्कॉटलंड्स गिफ्ट : गोल्फ हे आठवणींचे पुस्तक प्रसिद्ध झाले. १९३९ साली साउथॅम्प्टन येथे ते निवर्तले. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ साली, अमेरिकी नौदलाने लिडोची जमीन ताब्यात घेतली आणि मैदान नामशेष झाले. २००७ साली मॅकडोनाल्ड यांचा समावेश वर्ल्ड गोल्फ हॉल ऑफ फेममध्ये करण्यात आला.

व्हिडिओ गेममधील पुनर्निर्मिती

द गोल्फ क्लब २०१९ या व्हिडिओ गेममध्ये खेळाडूला स्वतःचे मैदान रचण्याची सोय आहे. माऊस फिरवून जमीन उंच-सखल करता येते, वाळूचे खड्डे कोरता येतात व लगेच त्यावर खेळून पाहता येते. शिकागो परिसरातील एका हौशी गोल्फपटूने या साधनाने लिडो पुन्हा घडविले. जुनी छायाचित्रे, विमानातून घेतलेली चित्रे व वृत्तपत्रांतील वर्णने पडताळून त्याने एकेका होलाची उंची व उतार ठरविले. गेममधील जमिनीत पाणी साचत नाही की गवत वाळत नाही. त्यामुळे हा उद्योग मनोरंजनापुरताच राहिला असता. पण विस्कॉन्सिन राज्यातील सँड व्हॅली येथे लिडो प्रत्यक्ष उभारण्याचे ठरले. रचनाकार टॉम डोक व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या प्रतिरूपातील उंचीची माहिती उपग्रहाच्या साहाय्याने चालणाऱ्या बुलडोझरना पुरविली आणि २०२३ साली मैदान खुले झाले. मॅकेंझी यांच्या आराखड्याचा अठरावा होलही त्यात आहे. मूळ मैदानाशेजारचा अटलांटिक महासागर मात्र तेथे नाही.