प्रतीक्षा संपविणारा संशोधक

कॅमेऱ्यातला रोल संपेपर्यंत थांबायचे, तो स्टुडिओत धुवायला द्यायचा आणि काही दिवसांनी छायाचित्रांचे पाकीट आणायला जायचे, हा रिवाज डिजिटल कॅमेरा येईपर्यंत सर्वांच्या अंगवळणी पडलेला होता. शहापूर-मुरबाडकडचे खेडे असो की मुंबईतील चाळ, लग्नाची छायाचित्रे हाती पडेपर्यंत नवी नवरी सासरी रुळलेली असे. ही प्रतीक्षाच नाहीशी करण्याचा ध्यास ज्यांनी घेतला, ते अमेरिकी संशोधक म्हणजे एडविन लँड. त्यांच्यापेक्षा त्यांच्या ‘पोलरॉईड’ कंपनीचे नावच जगाला अधिक परिचित झाले.

लँड यांचा जन्म ७ मे १९०९ रोजी अमेरिकेतील ब्रिजपोर्ट येथे झाला. प्रकाशाच्या गुणधर्मांचे त्यांना लहानपणापासून वेड होते. हार्वर्ड विद्यापीठात त्यांनी प्रवेश घेतला खरा, पण वर्गात मन रमेना. ते न्यूयॉर्कला गेले, दिवसा सार्वजनिक ग्रंथालयात वाचन करू लागले आणि रात्री कोलंबिया विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत गुपचूप शिरून प्रयोग करू लागले. प्रकाशलहरींची दिशा नियंत्रित करून डोळे दिपविणारी चकाकी कमी करणारे स्वस्त आणि पातळ पटल त्यांनी याच काळात तयार केले. त्याआधी या कामासाठी नैसर्गिक स्फटिकांवर अवलंबून राहावे लागे. पुढे हार्वर्डला परतूनही त्यांनी पदवी पूर्ण केली नाही. १९३७ साली पोलरॉईड कंपनी स्थापन झाली. उन्हाचे चष्मे आणि छायाचित्रणातील फिल्टर यांवर तिचा जम बसला.

डिसेंबर १९४३ मध्ये लँड कुटुंबासह सांता फे येथे सुटीवर होते. वडिलांनी टिपलेले छायाचित्र लगेच का पाहता येत नाही, असे त्यांच्या तीन वर्षांच्या मुलीने विचारले. एखाद्याने हसून वेळ मारून नेली असती. लँड मात्र त्याच दिवशी उत्तर शोधू लागले आणि नव्या कॅमेऱ्याचा आराखडा त्यांच्या मनात तयार झाला.

कल्पना अशी, की प्रयोगशाळेतील अंधारी खोलीच कॅमेऱ्यात आणायची. निगेटिव्ह आणि छायाचित्राचा कागद यांच्यामध्ये दाट रसायनाची एक चिमुकली पुडी ठेवलेली असे. कागद ओढताच तो दोन रुळांमधून जाई, पुडी फुटे आणि रसायन दोहोंमध्ये समान पसरे. निगेटिव्हवर जिथे प्रकाश पडलेला नसे, तिथले चांदीचे क्षार विरघळून शेजारच्या कागदावर उतरत आणि तेथे चित्र उमटे. मिनिटभराने वरचा कागद सोलला की छायाचित्र तयार! २१ फेब्रुवारी १९४७ रोजी न्यूयॉर्कमध्ये या तंत्राचे प्रात्यक्षिक झाले. २६ नोव्हेंबर १९४८ रोजी बोस्टनच्या एका दुकानात ‘मॉडेल ९५’ हा कॅमेरा ८९.७५ डॉलरला विक्रीस आला आणि तेथे आणलेला सारा साठा त्याच दिवशी संपला.

सुरुवातीची तपकिरी छायाचित्रे पुढे कृष्णधवल झाली आणि १९६३ मध्ये रंगीत. तरीही लँड समाधानी नव्हते. सोलून फेकण्याचा कागद त्यांना खुपत होता. १९७२ साली आलेल्या ‘एसएक्स-७०’ने तो दूर केला. हा कॅमेरा घडी घालून कोटाच्या खिशात ठेवता येई. त्याची बॅटरी दहा छायाचित्रांच्या फिल्मच्या पाकिटातच बसविलेली होती. कळ दाबताच छोटी मोटार चौकोनी कागद बाहेर ढकलत असे आणि भर उजेडात, पाहणाऱ्याच्या डोळ्यांदेखत रंग उमलत जात. इतरांची प्रतीक्षा मिनिटांवर आणणाऱ्या या माणसाला स्वतःला मात्र इथवर यायला २९ वर्षे लागली.

याच झटपटपणाची एक काळी बाजूही होती. दक्षिण आफ्रिकेतील वर्णद्वेषी राजवट कृष्णवर्णीयांवर सक्तीने लादलेल्या ओळखपत्रांसाठी पोलरॉईडचे साहित्य वापरत असे. १९७० मध्ये कंपनीतील कॅरोलिन हंटर आणि केन विल्यम्स या कृष्णवर्णीय कर्मचाऱ्यांनी त्याविरुद्ध आवाज उठवला. विल्यम्स यांनी राजीनामा दिला, हंटर यांना काढून टाकण्यात आले. तेथील सरकारला विक्री न करण्याचे कंपनीने जाहीर केले, परंतु स्थानिक वितरक छुप्या मार्गाने ती करीत असल्याचे १९७७ मध्ये उघड झाले आणि पोलरॉईडने त्या देशातून काढता पाय घेतला. प्रकाशाची सारी कोडी सोडविणाऱ्या लँड यांच्या कारकिर्दीवरील ही सावली पुसली गेली नाही.

त्याच वर्षी आणलेली झटपट चलच्चित्रांची ‘पोलाव्हिजन’ योजना साफ फसली. चित्रफितींच्या जमान्यात तिचे मूक, अल्पकालीन चित्रपट कुणाला नको होते. लँड यांना १९८० मध्ये प्रमुखपद सोडावे लागले आणि १९८२ मध्ये त्यांनी कंपनीशी असलेला संबंध संपवला. कोडॅकविरुद्धचा पेटंटचा दावा मात्र पोलरॉईडने जिंकला. १९८६ मध्ये कोडॅकला झटपट छायाचित्रणातून माघार घ्यावी लागली आणि पुढे ९० कोटी डॉलरहून अधिक भरपाई मोजावी लागली.

१ मार्च १९९१ रोजी लँड यांचे निधन झाले. त्यांच्या नावावर ५३५ अमेरिकी पेटंट जमा होती. त्यांची वैयक्तिक कागदपत्रे मृत्यूनंतर नष्ट करण्यात आली. डिजिटल कॅमेऱ्याने प्रतीक्षा वेगळ्याच मार्गाने संपवली आणि २००१ मध्ये पोलरॉईडने दिवाळखोरी पत्करली. २००८ मध्ये फिल्मचे उत्पादन थांबविण्याची घोषणा झाली, तेव्हा काही चाहत्यांनी नेदरलँड्समधील कारखान्याची यंत्रे विकत घेतली. जुनी रसायने मिळेनाशी झाल्याने फिल्म जवळपास नव्याने शोधावी लागली. २०१० मध्ये ती बाजारात आली आणि आज पुन्हा पोलरॉईड याच नावाने विकली जाते. मोबाइलमध्ये हजारो छायाचित्रे साठवणारी तरुण पिढी ती विकत घेते, कारण त्या चौकोनी कागदाची दुसरी प्रत नसते.