वारणेच्या खोऱ्यातील घोड्यांच्या टापा

हॉलिवूडमध्ये अल्प खर्चात निघालेल्या शेकडो वेस्टर्न चित्रपटांचे कथानक बहुधा एकच असे. घोडेचोर पळतात, शेरीफ त्यांचा पाठलाग करतो आणि प्रेक्षक शेरीफच्या बाजूने उभा राहतो. कृष्णा-वारणेच्या खोऱ्यातही घोडे होते, डोंगर होते, सरकारी खजिने होते आणि मागावर सुटलेले पोलीसही होते. मात्र येथील कथा ज्यांनी लिहिली, ते पाठलाग होणाऱ्यांच्या वस्तीत जन्मले होते. ते लेखक म्हणजे तुकाराम भाऊराव, अर्थात अण्णा भाऊ साठे.

वाळवा तालुक्यातील वाटेगाव येथे १ ऑगस्ट १९२० रोजी त्यांचा जन्म झाला. तेव्हा हा मुलूख सातारा जिल्ह्यात होता. १९४९ मध्ये दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्यास सांगली हे नाव मिळाले. ज्या मांग समाजात ते जन्मले, त्यावर इंग्रजी अमलाने गुन्हेगारीचा शिक्का मारला होता. चोरी कोणीही करो, हजेरी यांनी द्यायची! शाळेशी अण्णा भाऊंचा संबंध जेमतेम दीड दिवसाचा. पुढे वडिलांसमवेत ते पायी मुंबईस आले आणि दुकानांच्या पाट्या व चित्रपटांची भित्तिपत्रके वाचत अक्षरे शिकले. मुंबईत तो काळ साहसपटांचा होता. वाडिया मूव्हीटोनचा ‘हंटरवाली’ १९३५ सालचा.

गिरणी, कामगार वस्ती, कम्युनिस्ट पक्ष, अमर शेख व द. ना. गवाणकर यांच्यासह १९४४ मध्ये उभे केलेले लाल बावटा कलापथक, संयुक्त महाराष्ट्राचा लढा हा त्यांचा प्रवास सर्वश्रुत आहे. त्यांच्यातील शाहिराचे कौतुक पुष्कळ झाले. कादंबरीकाराकडे मात्र आपल्या साहित्यविश्वाने दीर्घकाळ कानाडोळाच केला, असे म्हणावे लागते.

‘फकिरा’ ही कादंबरी १९५९ मध्ये आली. वि. स. खांडेकर यांची प्रस्तावना लाभलेली ही कृती अण्णा भाऊंनी बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखणीस अर्पण केली. गावासाठी शिगावची जोगणी आणताना फकिराचा बाप राणोजी मारला जातो. पुढे दुष्काळ पडतो. माणसे भुकेने मरू लागतात, तेव्हा फकिरा धान्य लुटतो आणि नंतर थेट सरकारी खजिन्यावर हात घालतो. वेस्टर्न पटातील सारी सामग्री येथे आहे. गबऱ्या नावाचा घोडासुद्धा आहे. फरक आहे तो कायद्याच्या चेहऱ्यात. कायदा फकिराला पाठलागात पकडू शकत नाही. तो त्याच्या आप्तस्वकीयांना कोंडून ठेवतो. त्यांच्या सुटकेसाठी फकिरा आपणहून स्वाधीन होतो. शेरीफचा असा विजय हॉलिवूडला पडद्यावर दाखविणे अवघडच गेले असते. १९६१ मध्ये राज्य शासनाने या कादंबरीस पुरस्कार दिला.

मराठी चित्रपटाने या कथांकडे वळणे स्वाभाविकच होते. १९६१ मध्ये ‘वैजयंता’ आला आणि १९६३ मध्ये ‘फकिरा’. त्या काळी मराठी निर्मात्याच्या हाती पैसा बेताचाच असे. परंतु या गोष्टींना भव्य देखाव्यांची गरज कुठे होती? माळरान, एक घोडा, चार मशाली आणि अंधार एवढे पुरेसे होते. खरी अडचण निराळी होती. घोड्याची दौड कॅमेऱ्यात सहज मावते. दररोज पोलीसपाटलापुढे हजेरी देणाऱ्या माणसाच्या मनातील अपमान तितक्या सहज मावत नाही. त्यासाठी आजही कादंबरीच हाती घ्यावी लागते.

एवढे चित्रपट निघूनही लेखकाच्या घरचे दारिद्र्य हटले नाही. घाटकोपरच्या चिरागनगरातील झोपडीत त्यांची कितीतरी वर्षे गेली. १८ जुलै १९६९ रोजी, वयाच्या अवघ्या ४८व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. खोऱ्यातील आणखी एका बंडखोराची, सत्तू भोसलेची, कथा सांगणारा ‘वारणेचा वाघ’ १९७० मध्ये पडद्यावर आला. तो पाहण्यास अण्णा भाऊ नव्हते.