निळ्या पानांचं कोडं सोडवणारा प्राध्यापक

परभणीच्या कृषी विद्यापीठातल्या कुणालाही बोर्डो मिश्रणाचं प्रमाण विचारा. मोरचूद १ किलो, चुना १ किलो, पाणी १०० लिटर. उत्तर झोपेतही मिळेल! घरी मोसंबीची बाग असेल, तर खोडांना लावलेली निळसर बोर्डो पेस्ट तुम्ही पाहिलीही असेल. पण हे बोर्डो आलं कुठून? ते फ्रान्समधलं एक शहर आहे, रेड वाइनसाठी जगभर गाजलेलं. आणि या मिश्रणामागे आहेत तिथले वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक, पिएर-मारी-अलेक्सी मिलार्दे.

मिलार्दे १८३८ मध्ये पूर्व फ्रान्समधल्या एका खेड्यात जन्मले. स्ट्रासबर्ग आणि नान्सी इथे शिकवून ते १८७६ मध्ये बोर्डोच्या विद्यापीठात आले. हा सगळा परिसर कॅबरने सॉव्हिन्यॉन या द्राक्षाचा. आज आपल्या नाशिकमध्येही वाइनसाठी लावली जाणारी ही जात मूळची तिथलीच. मणी लहान, साल जाड, रंग काळपट जांभळा. रेड वाइनला रंग आणि तुरटपणा येतो तो सालीतून, म्हणून रस सालीसकट आंबवतात.

पण मिलार्दे आले तेव्हा बागायतदार हवालदिल झाले होते. अमेरिकेतून आलेली फायलोक्सेरा नावाची बारीक कीड वेलींची मुळं शोषून बागाच्या बागा वाळवत होती. अमेरिकन वेलींची मुळं मात्र तिला दाद देत नव्हती. मग त्या मुळांवर फ्रेंच वेलीचं कलम का करू नये? हा मार्ग धरणाऱ्यांमध्ये मिलार्देही होते. संकर करून नवे खुंट तयार करण्यात त्यांनी कितीतरी वर्षं घालवली.

आणि इथेच नशिबाने थट्टा केली. याच अमेरिकन वेलींबरोबर केवडा रोग फ्रान्समध्ये आला, असं मानलं जातं. १८७८ मध्ये तो तिथे दिसला. केवड्याने पानं गळतात. पान नाही तर मण्यात साखर नाही, आणि साखर नाही तर वाइन कसली? कॅबरने तर उशिरा पिकणारं द्राक्ष, त्याला पानांची साथ शेवटपर्यंत हवी. ज्या उपायासाठी मिलार्दे झटत होते, त्याच वाटेने दुसरं संकट दारात आलं होतं.

ऑक्टोबर १८८२. मेदॉक भागातल्या सँ-जुलियँ गावातून जाताना मिलार्देंना एक विचित्र गोष्ट दिसली. आतल्या वेली बोडक्या, पण रस्त्याकडेच्या वेलींवर पानं शाबूत! आणि त्यांवर निळसर थर. त्यांनी चौकशी केली. कळलं ते असं, की येणारे-जाणारे द्राक्षं तोडू नयेत म्हणून मोरचूद आणि चुना शिंपडला होता. निळं द्राक्ष पाहून कुणाची खायची हिंमत होणार?

दुसरा कुणी हसून पुढे गेला असता. मिलार्देंनी मात्र हा धागा सोडला नाही, आणि लगेच डंकाही पिटला नाही. रसायनशास्त्रज्ञ युलिस गेयाँ आणि बागेचे व्यवस्थापक एर्नेस्त दाविद यांना सोबत घेऊन त्यांनी प्रयोग केले. १८८५ मध्ये कृती जाहीर झाली. ८ किलो मोरचूद १०० लिटर पाण्यात, १५ किलो चुना ३० लिटर पाण्यात, मग दोन्ही एकत्र. तांबं बुरशीचे बीजाणू मारतं. चुना मोरचुदाचा आम्लपणा घालवून पानं भाजू देत नाही. पुढे मात्रा कमी झाली, तत्त्व तेच राहिलं.

१९०२ मध्ये मिलार्दे गेले. सतत फवारलं तर तांबं मातीत साचतं, हे आज आपल्याला माहीत आहे, म्हणून युरोपात त्याच्या वापरावर मर्यादाही आहे. तरी ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस लांबला, की नाशिकचा बागायतदार अजूनही बोर्डोचा आधार घेतो. मिलार्देंच्या खुंटांपैकी ४१ बी आणि १०१-१४ जगात आजही वापरले जातात.

तुमच्यापैकी कुणी पुढच्या महिन्यात प्रोजेक्टसाठी शेतात जाणार असेल, तर एवढंच करा. शेतकरी एखादी गोष्ट का करतो, ते त्याला विचारा. त्याचं कारण भलतंच निघालं, तरी वही बंद करू नका.