विश्लेषण : हेन्री फोर्ड यांचा गिअरबॉक्स आजच्या ऑटोमॅटिक गाडीबद्दल काय शिकवतो?

दीड कोटीहून अधिक गाड्या विकणाऱ्या हेन्री फोर्ड यांनी ‘मॉडेल टी’चा गिअरबॉक्स जवळपास दोन दशके फारसा बदलला नाही. ते काम गाडीमालकांनी बाजारातले सुटे भाग घेऊन केले. काहींनी त्यातून नवा धोकाही ओढवून घेतला.

फोर्ड कोण होते?

३० जुलै १८६३ रोजी मिशिगनमधील शेतकरी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. १६ व्या वर्षी ते डेट्रॉइटला यंत्रशाळेत उमेदवारी करू लागले. १८९६ मध्ये त्यांनी पहिली गाडी बनवली आणि १९०३ मध्ये फोर्ड मोटर कंपनी सुरू केली. १९०८ मध्ये मॉडेल टी आली.

गिअरबॉक्स वेगळा कसा?

त्या काळी गिअर बदलताना दाते खडखडत. फोर्ड यांनी प्लॅनेटरी गिअर वापरले. पेडल दाबले की ड्रमभोवतीचा पट्टा आवळला जाई. एक पट्टा लो गिअरचा, दुसरा रिव्हर्सचा, तिसरा ब्रेकचा. पुढे ऑटोमॅटिक गाड्यांतही प्लॅनेटरी गिअर आले, फक्त पायाचे काम तेलाच्या दाबाने होऊ लागले.

दुखणे कुठे होते?

पट्ट्यांना सुती लायनिंग होते. ते झिजे आणि त्याचे धागे तेलात जात. इंजिन आणि गिअरबॉक्सचे तेल एकच असल्याने तेलाची नळी तुंबण्याचा धोका असे. म्हणून जाळीसारखे भाग बाजारात आले. आजही या जुन्या गाड्यांचे मालक सुती, लाकडी की केव्हलार लायनिंग, हे ठरवताना आधी ड्रमला तडे नाहीत ना, हे पाहतात.

सुधारणा धोक्याची कशी ठरली?

चढासाठी अनेकांनी जादा गिअरबॉक्स बसवला. तो दोन गिअरच्या मध्ये अडकला, तर चाकांशी संबंध तुटे. पायाचा ब्रेक गिअरबॉक्समध्येच असल्याने उतारावर तोही निकामी होई आणि हातब्रेकवरच भिस्त राहत असे. मग मागच्या चाकांना वेगळे ब्रेक बसवणे आले.

फोर्ड बदलले का?

उशिरा. एकच गाडी बनवत राहिल्याने ८५० डॉलरची टूरिंग गाडी १९२५ मध्ये २९० डॉलरवर आली होती. १९२६ च्या मॉडेलमध्ये ब्रेकचा ड्रम रुंद झाला, पट्टे काढणे सोपे झाले. १९२७ मध्ये मॉडेल टी बंद झाली. ७ एप्रिल १९४७ रोजी फोर्ड यांचे निधन झाले. कंपनीची ‘फोर्डोमॅटिक’ त्यानंतर, १९५१ च्या गाड्यांत आली.

आज काय लक्षात घ्यावे?

ऑटोमॅटिक गिअरबॉक्स खोलल्यावर फक्त भारी क्लच प्लेट टाकून भागत नाही. आधीची प्लेट का जळली, हे शोधावे लागते. तेलाचा दाब कमी होता की कूलर तुंबला होता? ते कारण तसेच राहिले, तर महागडी प्लेटही जळते.